अंघोळीच्या चहाची पिशवी : टबात नुसता रंग, तसराळ्यात गुण

अंघोळीचा चहा प्यायचा नसतो, अंगावर घ्यायचा असतो. सुकवलेली फुलं, पानं, साल किंवा ओटचं पीठ तळहाताएवढ्या कापडी पिशवीत बांधून विकतात. पाकिटावरची सूचना बहुतेक वेळा दोन ओळींत संपते : टब गरम पाण्यानं भरा, पिशवी सोडा, वीस मिनिटं पडून राहा. पिशवीत माल असतो २५ ते ४० ग्रॅम. गोम आहे ती इथेच.

मोठ्या माणसाला बसता येईल इतका टब भरला की पाणी साधारण १५० लिटर होतं. वनौषधींची छाननी करायला जर्मनीत १९७८ साली ‘कमिशन ई’ ही तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिनं अंघोळीसाठी कॅमोमाइलचं जे प्रमाण दिलं आहे, ते १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम सुकी फुलं असं आहे. ओक या झाडाच्या सालीला लिटरमागे ५ ग्रॅम, म्हणजे तेवढंच. लॅव्हेंडरला जरा सैल हात : २० लिटरला २० ते १०० ग्रॅम. आता गुणाकार करा. १५० लिटरच्या टबाला कॅमोमाइल लागेल पाऊण किलो. ३० ग्रॅमची पिशवी पुरेल ती फक्त ६ लिटरला. टबात सोडलेली एक पिशवी पाणी पिवळसर करते, खोलीत वास दरवळवते, आणि तिचं काम तिथेच संपतं.

ही पिशवी वाईट आहे असं नव्हे. ती चुकीच्या भांड्यात पडते, एवढंच. तीच ३० ग्रॅम फुलं पाय बुडवायच्या तसराळ्यात किंवा कटिस्नानाच्या, म्हणजे फक्त कंबर बुडवून बसायच्या, छोट्या टबात नेमकी मात्रा ठरतात. जुन्या उपचारांतही भांड्याचा आणि औषधाचा मेळ असाच घातलेला दिसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अग्नीच्या साहाय्यानं करायच्या स्वेदनाचे, म्हणजे घाम काढण्याच्या उपचाराचे, १३ प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या ‘अवगाह’ प्रकारात रोगी बसतो तो काढ्यानंच भरलेल्या पात्रात; चिमूटभर औषध घातलेल्या साध्या पाण्यात नव्हे. ‘परिषेक’ प्रकारात काढ्याची धार अंगावर सोडतात. ज्यांच्या न्हाणीघरात टबच नाही, त्यांनी हा दुसरा प्रकार लक्षात ठेवावा. बादली आणि तांब्या असणाऱ्याचं या बाबतीत काहीही अडत नाही, उलट पाणी कमी लागत असल्यानं काढा दाट राहतो.

माल कुठल्या रूपात घ्यावा

चार रूपं मिळतात. बांधून आलेली पिशवी; सुटा माल आणि सोबत नाडीची रिकामी पिशवी; बाटलीतला अर्क; आणि फुलं भुरभुरवलेलं मीठ. आमचं मत सरळ सुट्या मालाच्या बाजूनं आहे. डोळ्यांनी बघता येतो, वास घेता येतो, वजन करता येतं आणि पिशवीत किती भरायचं ते आपल्या हाती राहतं.

बांधून आलेल्या पिशवीत दोन खोडी आढळतात. पहिली, ती ठासून भरलेली असते. सुकी फुलं पाणी प्यायली की फुगतात. जागा नसली की कडेचा थर भिजून घट्ट लगदा होतो आणि आत पाणी शिरतच नाही. वापरून झालेली पिशवी कात्रीनं उभी कापून बघा. बाहेरची फुलं मळकट, चिकटलेली. मधोमध मात्र सुपारीएवढा गोळा कोरडा, पाकिटातून काढल्यासारखा पिवळा. तेवढा माल फुकट गेला. पिशवी नेहमी अर्धीच भरलेली हवी आणि सैल बांधलेली. दुसरी खोड भुकटीची. चांगला माल निवडून झाल्यावर उरलेला चुरा पिशवीत भरला तर बाहेरून ओळखू येत नाही. चुऱ्याचा अर्क लवकर उतरतो हे खरं, पण त्यातलं सुगंधी तेल साठवणीतच उडून गेलेलं असतं, आणि बारीक कण मलमलीतून निसटून अंगाला, टबाला चिकटतात.

बाटलीतला अर्क वापरायला सोपा, पण त्याच्या मागचं लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये. घटकांच्या यादीत जे आधी, ते जास्त. सुरुवातीला पाणी आणि फेस आणणारी द्रव्यं, शेवटाकडे ‘परफ्यूम’ आणि त्याच्याही मागे वनस्पतीचं नाव आलं, तर ते सुवासिक द्रवरूप साबण आहे. अंघोळीचा चहा नव्हे. फुलं घातलेल्या मिठाबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. वजन मिठाचं, पाकळ्या शोभेच्या, आणि त्या मोरीत अडकतात.

नाव, फूल आणि रंग

पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापलेलं नसेल तर ते परत फळीवर ठेवावं. हा काही काटेकोरपणाचा सोस नाही. कॅमोमाइल या नावाखाली दोन-तीन वेगवेगळी फुलं विकली जातात. जिच्यासाठी वरचं प्रमाण दिलं आहे ती जर्मन कॅमोमाइल, मॅट्रिकॅरिया. ओळख सोपी आहे : सुकलेलं एक फूल घ्या, मधला पिवळा उंचवटा नखानं किंवा पात्यानं उभा चिरा. आत पोकळी दिसली तर फूल बरोबर. उंचवटा आतून भरीव असेल तर ते दुसरं काही आहे. दिसायला तसंच असणारं, उग्र वासाचं अँथेमिस नावाचं रानफूल यात मिसळलेलं आढळतं, आणि त्याची अ‍ॅलर्जी होण्याचा संभव जास्त. दहा फुलं चिरून बघायला पाच मिनिटं लागत नाहीत.

कॅलेंड्युलाचा घोळ तर भाषांतरानंच घातला आहे. कॅलेंड्युलाला ‘झेंडू’ म्हणून मोकळं होणारी पाकिटं पुष्कळ. झेंडू म्हणजे टॅजेटिस. कॅलेंड्युला ही वेगळी वनस्पती. झेंडूत अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर चट्टे येऊ शकतात. त्यामुळे ‘घरी झेंडू आहेच, तोच टाकू’ हा शॉर्टकट घेऊ नये.

रंगावरूनही बरंच कळतं. मूठभर माल काचेच्या ग्लासात थंड पाण्यात टाका. लगेच गडद रंग सुटला तर संशय घ्यावा. कॅमोमाइलचा काढा पिवळा, ओकच्या सालीचा गडद तपकिरी. गर्द जांभळं पाणी मात्र लॅव्हेंडरचं नसतं. त्यात वरून रंग घातला आहे किंवा गोकर्णासारखी दुसरी फुलं आहेत. सुका माल चुरडल्यावर वास आला पाहिजे. पाकीट उघडताच भपकारा, पण फूल चुरडल्यावर काहीच नाही, याचा अर्थ वास बाहेरून शिंपडलेला आहे.

काढा कसा करायचा

पिशवी थेट टबात सोडण्याची पद्धत सोडून द्यावी. अंघोळीचं पाणी ३७-३८ अंशांचं असतं. त्या पाण्यात फुलांचा अर्क नीट उतरत नाही. आधी छोट्या पातेल्यात कडक काढा, मग तो गाळून अंघोळीच्या पाण्यात, हा क्रम ठेवला की निम्म्या तक्रारी संपतात.

पाय बुडवण्यासाठी ८ लिटरचा हिशेब घेऊ. कॅमोमाइल ४० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. मुठीच्या मापावर जाऊ नका. कॅमोमाइलची मूठ कापसासारखी हलकी आणि सालीच्या तुकड्यांची मूठ कितीतरी जड, त्यामुळे ‘दोन मुठी’ या सूचनेला काही अर्थ उरत नाही. स्टीलच्या पातेल्यात २ लिटरहून थोडं जास्त पाणी उकळा, कारण फुलं बरंच पाणी शोषून धरतात. आच बंद करा, फुलं टाका, लगेच झाकण ठेवा आणि १५ ते २० मिनिटं हात लावू नका. फुलं आणि पानं उकळायची नसतात. त्यांतलं तेल वाफेबरोबर जातं. स्वयंपाकघरभर छान वास सुटला की समजावं, औषध हवेत गेलं. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही पातेल्यातच झटका, कारण तेल त्यांतच असतं.

मग मलमलीतून गाळा आणि चोथा पिळा. पिळायचा कंटाळा केला तर बराच काढा चोथ्यातच राहतो. गाळलेला २ लिटर काढा ८० अंशांच्या आसपास असेल आणि त्यात २५ अंशांचं ६ लिटर पाणी मिसळलं, तर तसराळ्यातलं पाणी ३९ अंशांच्या जवळ येतं. पायांसाठी हे ठीक. नळाचं पाणी ऋतूनुसार बदलतं, तेव्हा थर्मामीटर घालून बघावं. तो नसेल तर कोपर बुडवावं. बोटांना चालणारी उष्णता कोपराला झोंबली तर पाणी जास्त गरम आहे. पाय १५ मिनिटं, फार तर २०.

साल आणि मुळं यांचा न्याय वेगळा. त्यांना नुसतं आधणात ठेवून भागत नाही, मंद आचेवर १५-२० मिनिटं उकळावं लागतं. कटिस्नानाला ५ लिटर पाणी धरलं तर ओकची साल २५ ग्रॅम, लिटर-सव्वा लिटर पाण्यात उकळून, गाळून, कोमट होऊ देऊन मग वापरायची. एका पिशवीत साल आणि फुलं दोन्ही असली, आणि अशी मिश्रणं खूप निघतात, तर एकाचा बळी जाणार हे ठरलेलं : उकळलं तर फुलांचं तेल गेलं, न उकळलं तर सालीतलं काही उतरलं नाही. म्हणून ‘१२ वनौषधींचं मिश्रण’ ही आमच्या लेखी जाहिरात आहे, गुण नाही. एक किंवा दोन वनस्पती, एकाच जातीच्या भागाच्या, हे उत्तम.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा न टवका उडालेलं एनॅमलचं. ओकच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि लोखंडाशी त्याची गाठ पडली की काढा शाईसारखा काळा होतो. तेच टॅनिन पांढऱ्या टॉवेलवर आणि टबाच्या कडेला तपकिरी डाग पाडतं. पाणी सोडल्या सोडल्या टब धुवून काढला तर डाग धरत नाही. रात्रभर तसाच ठेवला तर घासत बसावं लागतं. टॉवेल जुना, गडद रंगाचा घ्यावा.

बादलीनं अंघोळ करणाऱ्यांसाठी : नेहमीची अंघोळ आणि साबण आधी उरकून घ्यावा. शेवटी ३-४ लिटर कोमट काढा, ज्या भागाला हवा आहे तिथे तांब्यानं सावकाश, पातळ धारेनं ओतावा. नंतर साध्या पाण्यानं खळखळून धुऊ नये. टॉवेलनं टिपावं, पुसू नये. उलट क्रमानं, म्हणजे काढ्यावर साबण, केलं तर काढा मोरीतच गेला.

ओटची पिशवी अपवाद का

वर टबावर एवढी टीका केली, पण एक पिशवी टबातही चालते. ती ओटच्या बारीक पिठाची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००३ साली त्वचारक्षक द्रव्यांच्या नियमांत कोलॉइडल ओटमीलला, म्हणजे अशाच अतिबारीक ओटच्या पिठाला, जागा दिली, आणि त्याचं किमान प्रमाण ०.००७ टक्के ठरवलं. १५० लिटरला ते जेमतेम साडेदहा ग्रॅम होतं. ३०-४० ग्रॅमची पिशवी इथे पुरून उरते. कारण ओटचं काम वेगळं आहे : पिठाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात आणि त्वचेवर पातळ थर धरतात. कोरडी, खाजणारी त्वचा असेल तर सगळ्या प्रकारांत आम्ही आधी हीच सुचवू.

मात्र पीठ खरोखर बारीक हवं. एक चमचा पीठ ग्लासभर कोमट पाण्यात ढवळा. पाणी दुधासारखं पांढुरकं झालं आणि तसंच राहिलं तर ठीक. खाली गाळ बसून वर पाणी नितळ झालं, तर दळण जाड आहे, पुन्हा मिक्सरमधून काढा. टबात घालताना पीठ कधीही साचलेल्या पाण्यावर ओतू नये, गुठळ्या होतात. नळाच्या धारेखाली थोडं थोडं सोडावं. आणि हे पाणी टब बुळबुळीत करतं, याची पाकिटावर पुरेशी ताकीद नसते. तळाला रबरी चटई, हाताशी धरायला काहीतरी, आणि उठताना घाई नाही.

दावे आणि वस्तुस्थिती

‘शरीरातली विषद्रव्यं बाहेर काढतो.’ हा दावा असलेलं पाकीट आम्ही बाद करतो. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. पाय बुडवल्यावर काळपट झालेलं पाणी म्हणजे काढ्याचा रंग, पायातून निघालेलं काही नव्हे. पाय न बुडवता तेच पाणी ठेवून बघावं, ते तितकंच काळपट दिसतं.

‘शांत झोप’ या दाव्यात तथ्य आहे, पण श्रेय बहुतांशी गरम पाण्याचं. गरम पाण्यानं हातापायांकडचा रक्तप्रवाह वाढतो, तिथून उष्णता बाहेर पडते, शरीराचं आतलं तापमान उतरतं आणि झोप लवकर लागते. अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. झोपायच्या १ ते २ तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्यानं अंघोळ, असा त्याचा निष्कर्ष होता. लॅव्हेंडरचा वास आवडत असेल तर जरूर घ्या. पण अंथरुणाला पाठ टेकायच्या पाच मिनिटं आधी अंघोळ केली आणि ‘उपयोग झाला नाही’ म्हणून लॅव्हेंडरला नावं ठेवली, तर चूक घड्याळाची आहे.

कॅमोमाइल आणि ओकची साल किरकोळ दाह, खाज यांवर बाहेरून वापरतात, आणि तेवढीच अपेक्षा ठेवावी. सालीतलं टॅनिन तुरट असल्यानं त्वचेचा वरचा थर आकसतो, ओलसर जागा सुकते. हाच गुण कोरड्या त्वचेला बाधतो; रोज रोज घेतलं तर कातडी ओढल्यासारखी होते. जर्मनीत बव्हेरियातल्या व्योरिसहोफेनचे धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) आपल्या जलोपचारात वाळलेल्या गवताच्या फुलांचे आणि ओटच्या काडाचे काढे वापरत, तेही आधी उकळून, मग पाण्यात. थेट टबात पिशवी सोडणं हा परंपरेचा नव्हे, पाकिटाचा शोध दिसतो.

कोणी टाळावं, आणि काय बिघडतं

कॅमोमाइल, कॅलेंड्युला, यारो ही सगळी एका कुळातली. शेवंती किंवा गाजरगवताची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला यांपैकी कशानंही पुरळ उठू शकतं. काढ्यात कापूस भिजवून कोपराच्या आतल्या बाजूला लावावा आणि दोन दिवस वाट बघावी. वास घेऊन शिंका आल्या तर चाचणी तिथेच संपली.

ताप असताना, हृदय कमजोर असताना, रक्तदाब फार वाढलेला असताना किंवा मोठ्या भागावर पाझरणारा इसब असताना पूर्ण अंगाची अंघोळ नको. गरोदरपणात पाणी कोमटच ठेवावं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर पाय गरम पाण्यात बुडवूच नयेत. भाजल्याचं कळत नाही. उघड्या जखमेवर कॉम्फ्रे ही वनस्पती असलेलं मिश्रण वापरू नये, त्यात यकृताला अपायकारक अल्कलॉइड असतात. लहान मुलांच्या पाण्यात पुदिना, निलगिरी, कापूर यांपैकी काहीही घालू नये, त्यांचा श्वास अडू शकतो. दालचिनी, लवंग किंवा मोहरी असलेली ‘ऊब देणारी’ पिशवी नाजूक जागी आग करते, आणि कटिस्नानाला ती वापरणाऱ्याला हे फार उशिरा कळतं.

वास कमी वाटला म्हणून वरून सुगंधी तेलाचे थेंब टाकणं ही सर्रास होणारी चूक. तेल पाण्यात मिसळत नाही. थेंब वर तरंगतात, अंगाला जसेच्या तसे चिकटतात आणि नेमक्या तेवढ्याच ठिकाणी लाल चट्टा उठतो. आधी मिठात कालवून टाकलं तरी फरक नाही. मीठ विरघळतं, तेल पुन्हा वर येतं.

काढा त्या त्या दिवशीचाच. उरलेला उद्यासाठी ठेवू नये. कोमट, वनस्पतीचे कण असलेलं पाणी म्हणजे जंतूंना आयतं खाद्य. रिकाम्या पिशवीचंही तेच. ती नळावर ओली लटकवून ठेवली की शिवणीत बुरशी धरते आणि पुढच्या काढ्याला कुबट वास येतो. चोथा काढून पिशवी उलटी करा, शिवणीतले कण झटका, उकळत्या पाण्यातून काढा आणि उन्हात वाळवा. चोथा मोरीत नको, कुंडीत टाका. ओटचा मात्र कुंडीतही नको, त्याचा वर थर धरतो आणि माशा येतात.